कॅमेऱ्यासमोर असताना निर्माता कोण?

*ताई, मी मूळची नाटकातली अभिनेत्री. सिनेमात आजवर छोट्या भूमिका केल्या, त्यातल्या निम्म्या एडिटमध्ये गेल्या. आता आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून स्वतंत्र भयपट करायला घेतलाय. पाच गोष्टी, पाच दिग्दर्शक आणि त्यांना बांधणारी एक जोडकथा: रात्रपाळीचा रेडिओ निवेदक श्रोत्यांचे फोन घेतो आणि प्रत्येक जण आपली गोष्ट सांगतो. निर्मिती माझ्याकडे आहे. तिसऱ्या गोष्टीत मुख्य भूमिकाही माझी आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या मुलीला आई गेल्यावरही तिच्या उशाची घंटी ऐकू येते, अशी ती गोष्ट. निवेदकाचं कामही मीच करावं, म्हणजे एका नटाचे पैसे वाचतील, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. एका मित्राने आपली गोष्ट आधीच शूट केलीय. ती २८ मिनिटांची झालीय आणि तो एक फ्रेमही कापायला तयार नाही. सगळे फुकट काम करताहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे करार ठेवायचा संकोच वाटतो. पैसे कमी पडले तर घर तारण ठेवू, असं नवरा म्हणतो. मला अभिनय आणि निर्मिती दोन्ही जमेल का?*
*– दोन दगडांवर उभी*

जमेल. फक्त दोन्ही एकाच दिवशी करू नका.

तुमच्या गोष्टीचं शूट ज्या दिवशी असेल, त्या दिवशी सेटवर निर्माता म्हणून दुसरी व्यक्ती हवी, आणि हे तोंडी ठरवून भागणार नाही. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटच्या वेळापत्रकावर, तिचं नाव निर्माता म्हणून छापलेलं असू द्या आणि स्पॉटदादांपासून कॅमेरामनपर्यंत सगळ्यांना ते आदल्या दिवशीच माहीत असू द्या. शूट थांबवणं, वेळ वाढवणं, ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च करणं, उजाडायला आलं म्हणून एखादा शॉट सोडून देणं, हे सगळे अधिकार त्या दिवसापुरते तिचे. तुमचा फोनही तिच्याकडे. पॅकअपनंतर तुम्ही हिशेब बघा, भांडणं मिटवा. पण मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून पॅकअप होईपर्यंत जनरेटरमध्ये डिझेल किती उरलंय हे तुमच्या कानावर येता कामा नये.

एवढा आग्रह धरतेय, कारण भयपटातला अभिनय बराचसा ऐकण्यावर चालतो. तुमचाच सीन घ्या. आई जाऊन थोडे दिवस झालेत आणि मध्यरात्री घंटी वाजते. स्क्रिप्टमध्ये बहुतेक ‘ती दचकते’ असं लिहिलेलं असेल. तुम्ही दचकू नका. जिने वर्षानुवर्षं त्या घंटीच्या तालावर रात्री काढल्या, तिचं शरीर तिच्या आधी उठेल. डोळे नीट उघडायच्या आत पाय जमिनीवर येतील, अंधारात चपला चाचपतील. एक सापडेल. तोंडातून ‘आले गं’ निघूनही जाईल. दुसरी चप्पल शोधता शोधता तिला आठवेल, आणि पाय जागच्या जागी थांबेल. प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो तो त्या थांबलेल्या पायामुळे. हे नीट साधलं तर पुढे किंकाळीची फारशी गरज उरत नाही.

आता हाच सीन निर्मातीचं डोकं घेऊन करून बघा. घंटी केव्हा वाजणार ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण शॉटचा क्रम तुम्हीच मंजूर केलाय. पाय चपला शोधत असताना मनात चालू आहे की सहाच्या आत जागा रिकामी करून द्यायचीय. रंगमंचावर हा फरक शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसेल, पण क्लोजअपमध्ये ऐकणारे डोळे आणि हिशेब करणारे डोळे लगेच वेगळे दिसतात. म्हणून घंटी वाजवायचं काम कॅमेऱ्यामागच्या एका माणसाकडे द्या आणि दिग्दर्शकाला प्रत्येक टेकला वेगळ्या क्षणी त्याला खूण करू द्या. हे तुमच्या संमतीने, आधी बोलून. नटाला न सांगता खरोखरच घाबरवण्याच्या युक्त्या मला अजिबात मान्य नाहीत. त्याने माणसाचा विश्वास मोडतो, आणि दुसऱ्या टेकला त्या युक्तीचा उपयोगही राहत नाही.

तुमच्या दिग्दर्शकाचाही विचार करा. तो मित्र आहे आणि त्याच्या गोष्टीचे पैसे तुम्ही उभे करताय. तुमचा टेक खोटा वाटला, तर रात्री तीन वाजता, सगळं युनिट पेंगत असताना, तो ‘परत एकदा’ म्हणेल का? बहुतेक वेळा ‘छान झालं, पुढे जाऊ’ असंच होतं. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण नुकसान तुमच्याच भूमिकेचं होतं. आणखी एक टेक घ्यायला वेळ आहे की नाही हे दुसऱ्या निर्मात्याला विचारायचं असेल, तर दिग्दर्शकाची जीभ सुटते. शॉट झाल्यावर मॉनिटरकडे धावायची सवय असेल तर तीही त्या दिवसांपुरती बंद करा. तुमचा अभिनय तपासायला तिथे दुसरे डोळे आहेत.

आणि सुरक्षितता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर सीनची तयारी चालू असताना प्रॉप म्हणून वापरलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. रिव्हॉल्व्हर ज्यांच्या हातात होतं ते अभिनेते त्या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक होते. २०२४ मध्ये शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ दोषी ठरल्या, आणि अभिनेत्यावरचा खटला, सरकारी पक्षाने पुरावा बचाव पक्षाला दिला नव्हता म्हणून, न्यायालयाने रद्द केला. कायद्याचा निवाडा झाला, पण एक बाई कामावर गेली आणि परत आली नाही. तुमच्या सिनेमात बंदूक नसेलही. मेणबत्त्या असतील, धूर असेल, ओल्या फरशीवर वायरी असतील, रात्रभर जागलेला माणूस पहाटे गाडी चालवत घरी निघणार असेल. हे सगळं बघून ‘थांबा’ म्हणणारा माणूस सीनच्या बाहेर असावा लागतो. सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि पॅकअप ते पुढच्या कॉलमध्ये निदान १० तासांची विश्रांती, एवढं तरी कागदावर आणा. छोट्या सिनेमात हेच नियम सगळ्यांत आधी मोडले जातात, म्हणून मला त्यांची सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

ही व्यक्ती कोण, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. पाच दिग्दर्शकांपैकी कोणी नको, कारण प्रत्येकाचा जीव आपल्या गोष्टीत अडकलेला असतो. एका पैशाचीही उधळपट्टी न करणारा, वेळ पाळणारा आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकणारा लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि वेळ सांभाळणारा माणूस, शोधा. तुमच्या बजेटमध्ये एकाच माणसाला पूर्ण मानधन देणं शक्य असेल, तर ते यालाच द्या.

निवेदकाची भूमिका तुम्ही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जोडकथेत एक नट, एक खोली आणि फोनवरचे आवाज आहेत. आवाज नंतर रेकॉर्ड होतील. म्हणजे सिनेमातला सगळ्यांत स्वस्त भाग हाच, आणि नेमका तिथे पैसा वाचवून किती वाचणार? शिवाय निवेदक म्हणून दिसलेला चेहरा तिसऱ्या गोष्टीत पुन्हा दिसला की प्रेक्षक दोघींचा संबंध शोधत बसतो. तो संबंध तुम्हाला खरंच हवा असेल तर लिहून काढा आणि शेवटी त्याचं काहीतरी करा. नुसत्या काटकसरीपोटी केलंत, तर सिनेमा संपल्यावर सगळे हेच विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

जोडकथा शूटही सगळ्यांत शेवटी करा. पाचही गोष्टींचे रफ कट, म्हणजे एडिटचे कच्चे खर्डे, समोर आल्यावर कुठली गोष्ट कुठे बसते ते कळतं, आणि मग निवेदकाने कुठल्या वाक्यावर फोन ठेवायचा तेही कळतं. आधी शूट करून ठेवलेल्या जोडकथेत क्रम गोठून जातो. ब्रिटनमधल्या ईलिंग स्टुडिओच्या १९४५ च्या ‘डेड ऑफ नाइट’मध्ये चार दिग्दर्शक आणि पाच गोष्टी होत्या. एका घरात जमलेली माणसं आपापला अनुभव सांगतात, अशी जोडकथा होती. अमेरिकेत दाखवताना त्यातल्या दोन गोष्टी काढून टाकल्या. जोडकथेतली माणसं मात्र तशीच राहिली, आणि त्यांतली काही इथे काय करताहेत हे तिथल्या प्रेक्षकांना कळेना. उद्या तुमचीही एखादी गोष्ट गळू शकते. कुठलाही एक फोन काढला तरी उरलेला सिनेमा उभा राहील, अशी ती जोडकथा लिहून घ्या.

त्यावरून तुमच्या २८ मिनिटांच्या मित्राकडे येते. गोष्ट रेंगाळतेय की नाही यावर त्याच्याशी वाद घालू नका, तो वाद तुम्ही कधीच जिंकणार नाही. बेरीज दाखवा. प्रत्येक गोष्ट साधारण १५ मिनिटांची आणि जोडकथा १२ मिनिटांची धरली, तर सिनेमा ८७ मिनिटांचा होतो. भयपटाला ही लांबी छान पेलते. त्याची गोष्ट तशीच ठेवली की १०० मिनिटं होतात, आणि मग उरलेले चौघेही विचारणार की आम्ही का कापायचं. वर भीतीचं असं असतं की ती तासभर एकाच पातळीवर ताणून धरता येत नाही. पाच गोष्टी म्हणजे प्रेक्षकाला पाच वेळा शून्यापासून घाबरवायचंय. एक गोष्ट लांबली की पुढची चढण सुरू होण्याआधीच तो थकलेला असतो.

त्याला एक देवाणघेवाण सुचवा. तुमच्या सिनेमात १८ मिनिटांचा कट जाईल. पूर्ण २८ मिनिटांचा कट त्याचा, सिनेमा प्रदर्शित झाल्यानंतर स्वतंत्र लघुपट म्हणून तो कुठेही पाठवायला मोकळा. कापाकापीसाठी तिसरा माणूस आणा, पाचही गोष्टींवर काम करणारा एकच एडिटर. एडिटर एक असला की पाच वेगवेगळ्या हातांचं काम एका सिनेमासारखं वाटायला लागतं. मग पाचही दिग्दर्शकांना एकत्र बसवून सगळे कट सलग दाखवा. आपली गोष्ट कुठे लांबते ते दिग्दर्शकाला इतरांच्या गोष्टींच्या रांगेत बसूनच समजतं, आणि पुष्कळदा त्यानंतर तो स्वतःहून कात्री मागतो. तरीही नाहीच म्हणाला, तर चार गोष्टींचा सिनेमा करा. मैत्रीपेक्षा सिनेमा मोठा म्हणून मी हे सांगत नाहीये. उरलेल्या चौघांचीही तुमच्याशी मैत्री आहे आणि त्यांचीही मेहनत तुमच्या हातात आहे.

क्रमाबद्दल माझा ठोकताळा असा: जोरदारपणात दुसरी येणारी गोष्ट सुरुवातीला, सगळ्यांत जोरदार शेवटी, आणि तिच्या आधी एखादी हलकी, थोडं हसवणारी गोष्ट. तुमची घंटीची गोष्ट शांत आहे. ती तिसरी शोभते, पण रफ कट बघितल्याशिवाय त्यावर अडून बसू नका. स्वतःच्या गोष्टीची जागा निर्मातीने ठरवू नये, एडिटरला ठरवू द्या.

करारांचा संकोच मात्र आजच सोडा. जी माणसं फुकट काम करताहेत त्यांच्याशीच तर करार आधी व्हायला हवा, कारण त्यांच्या हातात दुसरं काहीच नाही. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं उदाहरण भयपट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. वितरकाने चित्रपटाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे ती सूचना आवश्यक होती. एवढ्या गाजलेल्या चित्रपटावर त्यामुळे तिथे कोणाचाच हक्क राहिला नाही, आणि ज्याला हवा त्याने तो छापला, विकला, दाखवला. आजचा कायदा वेगळा आहे, पण एका राहून गेलेल्या ओळीची किंमत तीच आहे. तुमच्या बाबतीत ती ओळ एखाद्या मित्राची सही असेल. वितरक किंवा ओटीटीवाले सिनेमा घेताना आधी कागदांची साखळी तपासतात: गोष्ट कोणाची, पटकथा कोणाची, प्रत्येक नटाची संमती कुठे, संगीत कोणाचं, जागेच्या मालकाची परवानगी कुठे. पाचपैकी एका गोष्टीचा एक कागद नसला तरी अख्खा सिनेमा अडकतो.

करार दोन पानांचा, साध्या भाषेतला चालेल, पण वकिलाच्या नजरेखालून घाला. त्यात श्रेयनामावली कशी असेल ते हवं. दिग्दर्शकाचा कट कुठवर आणि पूर्ण सिनेमाची लांबी व क्रम कोणाच्या हातात, ते हवं. एखादी गोष्ट वगळली गेली तर तिचे हक्क तिच्या दिग्दर्शकाकडे कधी परत जातील, तेही हवं. हे कलम लिहायला सगळ्यांना जड जातं, म्हणून एक आठवण देते: जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशींच्या ‘क्वैदान’ या भयपटाला १९६५ मध्ये कान महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, तरीही अमेरिकेत दाखवताना त्याच्या चार गोष्टींतली एक पूर्ण वगळली होती. गोष्ट गळणं म्हणजे ती वाईट असणं नव्हे, हे मित्रांना सही करतानाच सांगून टाका. पैसे आलेच तर ते कुठल्या क्रमाने वाटायचे, हेही त्याच कागदावर येऊ द्या. माझ्या मते आधी फुकट राबलेल्या युनिटचं ठरलेलं मानधन, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग नफा. संगीत घेताना फक्त महोत्सवांपुरती परवानगी स्वस्तात मिळते आणि पुढे तीच अंगाशी येते. सगळ्या माध्यमांसाठीचा दर आजच विचारून ठेवा.

एक गोष्ट आधीच शूट झालीय, म्हणून तातडीने एक तांत्रिक पान तयार करा आणि उरलेल्या चौघांना द्या: फ्रेम रेट, पडद्याचं प्रमाण, रिझोल्यूशन, आवाज ४८ किलोहर्ट्झवर. मित्राने सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं असेल आणि बाकीचे २४ वर करणार असतील, तर जुळवताना हालचालीत किंवा आवाजात खोट येते. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. भयपटात शांततेचाही ट्रॅक लागतो आणि तो नंतर बनवता येत नाही. फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड कोणी रिकामं करायचं नाही. रंगसंस्करण आणि साउंड डिझाइन पाचही गोष्टींचं एकाच माणसाकडे द्या.

तुमच्या स्वतःच्या शूटसाठी थोडं. किंकाळी असेलच तर दिवसाच्या शेवटी ठेवा, नाहीतर वेगळा वाइल्ड ट्रॅक घ्या, म्हणजे कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा. सकाळी ओरडून बसलेला घसा उरलेले संवाद खातो. डोळ्यांत लेन्स घालायच्या असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापाच्या करून घ्या, मागवलेल्या तयार लेन्स नकोत. प्रॉस्थेटिकचा, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवायच्या नकली त्वचेचा, गोंद दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. रक्ताचे शॉट शेवटी, आणि तोच पोशाख निदान तीन जोड.

आता घर. तारण ठेवू नका. यावर तुम्हाला लोक १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’चा दाखला देतील. त्यात मुख्य भूमिका करणारे ब्रूस कॅम्पबेल निर्मितीतही होते आणि सिनेमा पुरा करायला त्यांनी कुटुंबाची मालमत्ता तारण ठेवली होती. खरं आहे. पण त्याच दाखल्यातला उरलेला भाग कोणी सांगत नाही. त्या मंडळींनी १९७८ मध्ये साधारण अर्ध्या तासाचा एक लघुपट करून तो गुंतवणूकदारांना दाखवला, आणि सिनेमाचे निर्माते म्हणून रॉबर्ट टॅपर्ट वेगळे उभे होते. म्हणजे नट एकटा दोन्ही ओझी वाहत नव्हता, आणि पैसे मागायच्या आधी दाखवायला काहीतरी तयार होतं.

तुम्हाला तर ही सोय आयतीच आहे, कारण अँथॉलॉजीतली, म्हणजे अशा अनेक गोष्टींच्या सिनेमातली, प्रत्येक गोष्ट म्हणजे एक लघुपट. हातातल्या पैशात एक गोष्ट नीट पूर्ण करा, आवाज आणि रंगासकट, आणि ती दाखवून बाकीच्यांसाठी पैसे उभे करा. ती गोष्ट तुमची असावी की नसावी, हे लाइन प्रोड्यूसरशी बोलून ठरवा. माझा कल तुमच्या गोष्टीकडे आहे, कारण एक खोली, एक नटी आणि एक घंटी एवढ्यात ती होते. नवऱ्याला सांगा की त्यांची तयारी मोलाची आहे, पण गमावलं तरी घरचं गणित बिघडणार नाही तेवढीच रक्कम यात घाला, आणि तो आकडा दोघांनी शूटच्या आधी ठरवून लिहून ठेवा. तयार झालेली गोष्ट मात्र ऑनलाइन टाकू नका. बरेच महोत्सव आधी कुठे न दाखवलेला सिनेमा मागतात. गुंतवणूकदारांसाठी पासवर्ड लावलेली लिंक पुरेशी आहे, आणि मित्रालाही त्याचा २८ मिनिटांचा कट तोवर आपल्याकडेच ठेवायला सांगा.